गोठणारा पाऊस एवढे नुकसान का करतो, आणि वीज गेल्यावर घरात काय करायचे

प्रश्न असा आहे: मार्च २०२५ अखेरच्या आईस स्टॉर्ममध्ये, म्हणजे गोठणाऱ्या पावसाच्या वादळात, कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या बॅरी इथल्या आमच्या घरची वीज बरेच दिवस गेली होती. वारा फारसा नव्हता, पाऊसही रिमझिमच होता. मग एवढी झाडे आणि खांब का पडले? रस्त्यापलीकडच्या घरांत दिवे लागले तरी आम्ही अंधारातच का राहिलो? या हिवाळ्यात सांगलीहून आई-बाबा येणार आहेत. पुन्हा असे झाले तर काय करायचे?

आधी महाराष्ट्रात वीज मंडळात आणि नंतर इकडे ऑन्टारिओत, माझी सगळी नोकरी तारा आणि खांबांच्या कामात गेली. त्यामुळे थोडे लांबलचक लिहितो, पण तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न आहे म्हणून काही गोष्टी मुद्दाम तपशिलात सांगतो.

पाऊस रिमझिम होता, हेच तर नुकसानाचे एक कारण आहे. मुसळधार पावसाचे बरेचसे पाणी गोठायच्या आत ओघळून जाते. बारीक पावसाचा बहुतेक थेंब मात्र पडला त्याच जागी गोठतो. हा पाऊस वर ढगात बर्फ म्हणूनच सुरू होतो. खाली येताना तो शून्याच्या वरच्या, उबदार हवेच्या थरातून जातो आणि पूर्ण वितळतो. मग जमिनीलगत थंड हवेचा एक पातळ थर लागतो. तो पातळ असल्यामुळे थेंबाला पुन्हा गोठायला वेळ मिळत नाही. तापमान शून्याखाली गेलेले, पण थेंब अजून पाणीच, अशा अवस्थेत तो तारेवर, फांदीवर, गाडीच्या काचेवर टेकतो आणि टेकताक्षणी काचेसारखा घट्ट बसतो. जमिनीलगतचा थर जाड असता तर बर्फाचे कण पडून टणटण उड्या मारत बाजूला झाले असते आणि तारांना काही झाले नसते. काहीशे मीटर जाडीच्या हवेवर हे सगळे ठरते. म्हणूनच हवामान खात्यालाही याचा नेमका अंदाज देणे अवघड जाते, आणि एका गावात नुसता पाऊस, तर पुढच्या गावात हाहाकार असे दिसते.

आपल्याकडच्या गारपिटीशी याची तुलना बरेच जण करतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्रात द्राक्षे आणि डाळिंबांच्या बागा गारांनी झोडपल्या, ते आपल्या सर्वांच्या लक्षात आहे. गार आपटते आणि काही मिनिटांत मोकळी होते. गोठणारा पाऊस आपटत नाही, वजन वाढवत राहतो, आणि ते वजन तापमान वर जाईपर्यंत उतरत नाही.

हे वजन किती, ते एकदा आकड्यांत पाहा. महाराष्ट्रातल्या कोणत्याही लाइनमनला ‘रॅबिट’ कंडक्टर माहीत असतो. साधारण १० मिलिमीटर व्यासाची, पोलादी गाभ्याची अॅल्युमिनियमची तार. उत्तर अमेरिकेत जवळपास त्याच मापाच्या तारेला ‘रेव्हन’ म्हणतात. आपल्याकडे प्राण्यांची नावे, इकडे पक्ष्यांची. ही तार मीटरला सुमारे २०० ग्रॅम भरते. तिच्याभोवती सगळीकडून १ सेंटिमीटर बर्फ बसला, तर त्या बर्फाचेच वजन मीटरला अर्धा किलोच्या थोडे वर जाते. थर २ सेंटिमीटर झाला की वजन दुप्पट होत नाही, तिप्पट होते, पावणेदोन किलोच्या आसपास. कारण प्रत्येक नवा थर आधीपेक्षा मोठ्या गोलावर बसतो. अडीच सेंटिमीटरला मीटरमागे अडीच किलो. दोन खांबांमध्ये ४० मीटर अंतर धरा, म्हणजे एका तारेच्या एका गाळ्यावर जवळजवळ १०० किलो, सिमेंटची दोन पोती. खांबावर अशा तीन-चार तारा असतात, शिवाय टेलिफोन आणि केबलच्या वायरी. त्यात १० मिलिमीटरची तार आता ६० मिलिमीटर जाड झालेली असते, म्हणजे वाऱ्याला सहापट रुंदी मिळते. तुमच्याकडे वारा फारसा नव्हता हे नशीबच म्हणायचे. तेवढ्याच बर्फावर ताशी ५०-६० किलोमीटरचा वारा आला असता तर आणखी बरेच खांब आडवे झाले असते.

यावरून पुढच्या वेळी अंदाज कसा वाचायचा तेही लक्षात येईल. किती मिलिमीटर पाऊस पडणार यापेक्षा वस्तूंवर किती मिलिमीटर बर्फ साचणार आणि मागोमाग वारा येणार का, हे पाहा. ढोबळमानाने ५-६ मिलिमीटरला रस्ते आणि पायऱ्या धोकादायक होतात आणि कमकुवत फांद्या मोडू लागतात. १२ मिलिमीटरच्या पुढे बऱ्याच ठिकाणी वीज जाते. २५ मिलिमीटर दिसले तर वीज तासांसाठी नाही, दिवसांसाठी जाणार असे धरून चाला.

या विषयाचे सगळ्यात मोठे उदाहरण म्हणजे जानेवारी १९९८. त्या महिन्याच्या ४-५ तारखेपासून १० तारखेपर्यंत पूर्व ऑन्टारिओ, दक्षिण क्वेबेक, न्यू ब्रन्सविक आणि अमेरिकेतल्या न्यू यॉर्कपासून मेनपर्यंतच्या उत्तर भागात लाटेमागून लाट येत गोठणारा पाऊस पडत राहिला. मेक्सिकोच्या आखाताकडून दमट उबदार हवा वर चढत होती आणि खाली ओटावा व सेंट लॉरेन्स नद्यांच्या खोऱ्यांत थंड हवा अडकून बसली होती. ओटावात सुमारे ८५ मिलिमीटर, मॉन्ट्रियलमध्ये सुमारे १००, कॉर्नवॉलमध्ये १०० च्याही वर पाणी पडले. त्याआधीच्या मोठ्या वादळांत या शहरांनी ३०-४० मिलिमीटर पाहिले होते. हे पावसाचे आकडे आहेत, तारेवरच्या थराचे नव्हेत, पण बऱ्याच तारांवर मनगटाएवढा जाड बर्फ बसला होता.

त्या वेळी नुसते लाकडी खांब पडले नाहीत. ते सुमारे ३०,००० पडलेच, पण त्यासोबत उच्चदाबाच्या वाहिन्यांचे पोलादी टॉवर शेकड्यांनी कोसळले. टॉवर वरून खाली येणारा उभा भार घ्यायला भक्कम असतो. तारेचा ताण दोन्ही बाजूंनी सारखा असेल तोवर तो सरळ उभा राहतो. बर्फाच्या वजनाने एका बाजूची तार तुटली की दुसऱ्या बाजूचा सगळा ताण त्याला एकदम ओढतो. तो वाकतो, पुढच्याला ओढतो, आणि रांगच्या रांग बसते. ज्या टॉवरवर बर्फ कमी होता तेही अशा ओढीने पडले. १९९८ नंतर क्वेबेकने यावरच मुख्य काम केले. ठरावीक अंतराने एक टॉवर इतका मजबूत उभा करायचा की एका बाजूचा ताण पूर्ण गेला तरी तो हलणार नाही, म्हणजे पडझड तिथेच थांबेल. शिवाय क्वेबेक सिटीसमोरच्या लेव्ही इथल्या उपकेंद्रात एक यंत्रणा बसवली. ती गरज पडेल तेव्हा वाहिनीतून ७,२०० अँपिअरपर्यंत डीसी प्रवाह सोडून तार गरम करते आणि बर्फ पाडते. वाहिन्यांच्या कामात मला सगळ्यांत पटलेल्या सुधारणांपैकी या दोन आहेत. प्रत्येक टॉवर अजिंक्य करणे कोणालाच परवडत नाही. पडलेला एक टॉवर शंभरांना घेऊन जाणार नाही एवढी व्यवस्था मात्र परवडते आणि ती झालीच पाहिजे.

त्या आठवड्यात मॉन्ट्रियलची अवस्था फार थोडक्यावर निभावली. शहराला वीज देणाऱ्या वाहिन्या एकेक करून गेल्या. शुक्रवारी, ९ जानेवारीला पाणी शुद्धीकरण केंद्रांचीच वीज गेली आणि शहरात काही तासांचे पाणी उरले. शहराच्या दक्षिणेला सेंट-हायसिंथ, ग्रॅन्बी आणि सेंट-जाँ-सुर-रिशल्यू या तीन गावांमधल्या पट्ट्याला तर अंधाराचा त्रिकोणच म्हणू लागले. तिथे काही घरांत वीज यायला महिना उलटला. क्वेबेकमध्ये जलविद्युत स्वस्त, म्हणून बहुतेक घरे विजेवरच गरम होत. वीज गेली की दिवे, चूल आणि ऊब तिन्ही एकदम गेली. १५,००० हून जास्त सैनिक मदतीला उतरले. कॅनडात पंचवीसहून अधिक माणसे दगावली.

शेतकऱ्यांचे हाल शहरातल्या बातम्यांत फारसे आले नाहीत, म्हणून सांगतो. हा सगळा पट्टा दुग्धव्यवसायाचा. गाईला दिवसातून दोनदा पिळावे लागते, आणि शे-दीडशे गाई हाताने पिळणे अशक्य. यंत्र बंद, तर कास तटतटून मस्टायटिस होतो, ज्याला आपल्याकडे दगडी म्हणतात. शेतकरी एकच जनरेटर ट्रॅक्टरवर घालून गोठ्यागोठ्यांतून फिरवत होते. दूध काढले तरी ते थंड ठेवायला वीज नाही, न्यायला रस्ता नाही, आणि डेअरीही बंद. सुमारे एक कोटी लिटर दूध ओतून द्यावे लागले. मेपलचा पाक काढणाऱ्यांचे तर पुढच्या कित्येक वर्षांचे उत्पन्न फांद्यांसकट खाली आले.

आता तुमचा बॅरीचा अनुभव. २०२५ मध्ये बॅरी, ओरिलिया, पीटरबरो, कावार्था लेक्स या भागात तारांवर बसलेल्या बर्फाइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, हानी झाडांनी केली. ओरिलियात आणीबाणी जाहीर करावी लागली. टोरोंटोत डिसेंबर २०१३ ला आणि मॉन्ट्रियलमध्ये ५ एप्रिल २०२३ ला हेच झाले होते, मॉन्ट्रियलच्या त्या वादळात दहा लाखांहून जास्त ग्राहक अंधारात गेले. बर्फाचा थर फांदीचे वजन कित्येक पटींनी वाढवतो. बर्च कमानीसारखा वाकून जमिनीला टेकतो आणि बऱ्याचदा पुन्हा उभा राहतो. सिल्व्हर मेपल, विलो, सायबेरियन एल्म ही भराभर वाढणारी, ठिसूळ लाकडाची झाडे वाकत नाहीत, फाटतात. इंग्रजी व्ही अक्षरासारखा अरुंद दुबेळका असलेले झाड मधोमध चिरते. टेक्सासमध्ये ऑस्टिनला २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत जे झाले ते आणखी वेगळे. तिथले लाइव्ह ओक हिवाळ्यातही पाने धरून असतात, त्यामुळे प्रत्येक पानावर बर्फ बसला आणि शतकभर उभी असलेली झाडे एका रात्रीत फाटली. ऑस्टिनमध्ये आपली मराठी माणसे बरीच आहेत, त्यांना हे आठवत असेल.

रस्त्यापलीकडे दिवे आणि तुमच्याकडे अंधार, यात कोणी पक्षपात केलेला नसतो. दुरुस्ती वरून खाली येते. आधी उच्चदाबाची वाहिनी, मग उपकेंद्र, मग मुख्य फीडर (उपकेंद्रातून एकेका भागाला वीज नेणारी वाहिनी), मग त्याच्या शाखा, आणि शेवटी एकेका घराची तार. मध्ये रुग्णालये आणि पाणीपुरवठा आधी धरतात. समोरचे घर वेगळ्या फीडरवर किंवा फीडरच्या वेगळ्या शाखेवर असू शकते. तुमच्या शाखेचा फ्यूज एका फांदीमुळे उडाला असेल आणि त्या शाखेवर पंधराच घरे असतील, तर जिथे एका जोडणीत दोन हजार घरे उजळतात तिथे लाइनमन आधी जाणार. मी स्वतः त्या याद्या केल्या आहेत. घरी आजारी माणूस असलेल्यांचे फोन येतात तेव्हा हा क्रम पाळणे फार जड जाते. म्हणून ऑक्सिजन यंत्र किंवा तसे उपकरण घरात असेल तर वीज कंपनीकडे आधीच नोंद करून ठेवा. त्याने वीज लवकर येईलच असे नाही, पण तुम्हाला कळवतील आणि तुमच्याकडे लक्ष राहील.

एक गोष्ट वीज जायच्या आधीच तपासा, कारण तिथे लोक सर्वांत जास्त अडकतात. खांबावरून तुमच्या घराला येणारी तार छपराजवळच्या एका उभ्या पाइपाला जोडलेली असते. ऑन्टारिओत तो पाइप आणि मीटरची पेटी घरमालकाची, वीज कंपनीची नव्हे. फांदी तारेवर पडून पाइप वाकला किंवा भिंतीपासून सुटला, तर सगळ्या गल्लीत वीज आली तरी तुमच्या घरी जोडणार नाहीत. आधी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून दुरुस्ती, मग इलेक्ट्रिकल सेफ्टी अथॉरिटीची तपासणी, आणि मग जोडणी. वादळानंतर इलेक्ट्रिशियन मिळता मिळत नाही. त्या तारेवर झुकलेली फांदी आत्ताच, पाने गळाल्यावर, जाणकाराकडून छाटून घ्या. तारेजवळची असल्याने स्वतः शिडी लावू नका, वीज कंपनीला विचारा. वादळ चालू असताना मात्र झाडाला हातही लावू नका. काठीने फांदी झोडपून बर्फ पाडायचा मोह होतो. गोठलेले लाकूड ठिसूळ असते, फांदी तुमच्याच अंगावर येते. बर्फ आपोआप वितळू द्या.

खाली पडलेली तार मेलेली आहे असे कधीच समजू नका. ठिणगी नाही, आवाज नाही, तरी ती जिवंत असू शकते, आणि शेजारच्याने जनरेटर चुकीचा जोडला तर बंद वाहिनीही जिवंत होते. किमान १० मीटर लांब राहा. तार तुमच्या गाडीवर पडली तर गाडीतच बसून फोन करा.

जनरेटरचे बोलतो, कारण याच ठिकाणी माणसे जातात. दोन टोकांना प्लग असलेली वायर करून जनरेटर घरातल्या सॉकेटला जोडायचा ‘जुगाड’ आपल्या काही मंडळींनी केलेला मी पाहिला आहे. तो करू नका. घराबाहेरचा ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी काम करतो. तुमचे २४० व्होल्ट त्यातून उलटे जाऊन खांबावर हजारो व्होल्ट होतात, आणि त्या तारेला हात घातलेला लाइनमन समोरच असतो. ट्रान्सफर स्विच, म्हणजे जनरेटर चालू असताना घर बाहेरच्या तारेपासून तोडणारा स्विच, बसवून घ्या, नाहीतर उपकरणे थेट जनरेटरला वायरीने जोडा. आणि जनरेटर बाहेर, दारे-खिडक्यांपासून किमान ६ मीटर लांब ठेवा. गॅरेजचे दार उघडे ठेवून चालत नाही. डिसेंबर २०१३ च्या वादळात कॅनडात कार्बन मोनॉक्साइडने माणसे दगावली, तीही वादळाच्या तडाख्यातून वाचलेली. या वायूला वास नाही. डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि थंडीने असे होतेय असे वाटून माणूस आडवा होतो.

आई-बाबांना हे नीट समजावून सांगा. सांगलीत शेगडी पेटवून शेकत बसणे, निखारे घरात आणणे यात कोणाला वावगे वाटत नाही, कारण तिथल्या घरांत हवा खेळती असते. इकडची घरे ऊब टिकवायला सगळीकडून बंद केलेली असतात. कोळसा, बार्बेक्यू, कॅम्पिंगची शेगडी यांतले काहीही आत पेटवायचे नाही, तळघरात नाही आणि गॅरेजमध्येही नाही. देवापुढची समई थोडा वेळ लावायला हरकत नाही, पण ती उबेसाठी रात्रभर तेवत ठेवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बॅटरीवर चालणारा हवा. भिंतीत प्लग केलेल्यालाही बॅटरीचा आधार आहे का, ते आजच पाहा.

घर गरम करणारी तुमची भट्टी गॅसवर असली तरी तिचा पंखा आणि नियंत्रण विजेवर चालते, त्यामुळे गॅस येत असूनही घर गार पडेल. एकाच खोलीत सगळे राहा, शक्यतो दक्षिणेकडच्या. बाकीची दारे लावा, खिडक्यांना रजया लावा. घर ५-६ अंशांपर्यंत गार होऊ लागले आणि वीज यायचे चिन्ह नसले, तर पाण्याचा मुख्य कॉक बंद करून सर्वांत वरचे व सर्वांत खालचे नळ उघडा, म्हणजे पाइपातले पाणी निथळेल. फुटलेल्या पाइपाचे पाणी वीज आल्यावर, सगळे वितळल्यावर वाहते, आणि तेव्हा तुम्ही बहुधा दुसऱ्याच्या घरी असता. तळघरात सम्प पंप (साचलेले पाणी बाहेर फेकणारा पंप) असेल तर त्याला बॅटरीचा पर्याय ठेवा, बर्फ वितळताना त्याची गरज सर्वांत जास्त असते.

वयस्कर माणसांना थंडी बाधतेय हे त्यांना स्वतःला उशिरा कळते. सत्तरीतले बाबा ‘मला काही होत नाही’ म्हणतील. शब्द अडखळायला लागले, हात थरथरून मग थरथर थांबली, गोंधळल्यासारखे बोलू लागले, तर तो हायपोथर्मिया आहे, लगेच ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन करा. तोपर्यंत थांबूच नये. घरातले तापमान १५-१६ अंशांवर आले की त्यांना घेऊन निघा. रस्ते निसरडे असताना नव्हे, तर मीठ-वाळू टाकून झाल्यावर, दिवसाउजेडी. ओळखीचे कोणते घर दुसऱ्या भागात आहे आणि कोणाकडे फायरप्लेस आहे, हे डिसेंबरच्या आत बोलून ठेवा. नाहीतर नगरपालिका सामुदायिक केंद्रांत उबेची सोय करते, तिथे जायला संकोच करू नका. पायऱ्या उतरताना त्यांना बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे द्या. या वादळांत हाडे मोडण्याचे प्रमाण फार असते आणि खुब्याचे हाड मोडले की परदेशातला प्रवासी विमा, रुग्णालय आणि परतीचे तिकीट सगळेच एकदम गळ्यात येते. विम्याची कागदपत्रे आणि दोन आठवड्यांची औषधे एका पिशवीत दाराजवळ ठेवा. इन्सुलिन असेल तर ते बाहेर बर्फात ठेवू नका, गोठले की निकामी होते. थर्मासमध्ये किंवा अंगाजवळच्या खिशात नेले तर दोन-चार दिवस काही होत नाही.